मातीच्या गाडीचे वय

आपल्या गावात दोन प्रकारची माती असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीवर गाव वसते. मराठवाड्यात तर या पांढरीला आणखी एक काम आहे. माळवदाची घरे असलेल्या गावांत पावसाळ्याआधी गाडीभर पांढरी माती आणायची आणि धाब्यावर पसरायची, म्हणजे घर गळत नाही. ही माती येते कोठून? बहुधा गावाशेजारच्या एखाद्या जुन्या टेकाडावरून. ते टेकाड म्हणजे नुसती माती नव्हे, बरं का. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, त्यांवर नवी उठली, चुलीची राख, शेण, खापरे, हाडे, भुसा सारे तिथेच जिरले, आणि शे-दोनशे वर्षे म्हणता म्हणता दोन हजार वर्षांचा ढीग झाला. म्हणूनच ती माती पांढरट आणि भुसभुशीत असते. पूर्वी कित्येक ठिकाणी ती शेतात खत म्हणूनही टाकत.

अशी माती उकरताना किंवा पावसाने वाहून गेल्यावर पोरांच्या हाती काय काय लागते! मणी, बांगडीचा तुकडा, शिसाचे गंजलेले नाणे, आणि कधी कधी बोटभर जाडीचे, मध्ये भोक असलेले भाजक्या मातीचे एक चाक. पोरगे ते चड्डीच्या खिशात घालून शाळेत आणते आणि विचारते, ‘गुरुजी, हे काय?’ या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे आणि ते चाक हाती आल्यावर काय करावे, काय करू नये, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो, पण त्यात एकदा हात घातला तर सहज दोन हजार वर्षे मागे जातो.

धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्यांना यासाठी फार लांब जायला नको. तेरणा नदीच्या काठचे तेर गाव सर्वांना ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे म्हणून. पण गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी हे मोठे व्यापारी नगर होते. तेव्हा त्याचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वाटाडी पुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत तो सांगतो, की भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे. तगराहून साधे कापड, तलम मलमल असा माल बंदरावर येतो. आणि येतो कसा? गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून. हे तगर म्हणजेच आपले तेर, हे फ्लीट या विद्वानाने 1901 साली साधार मांडले. पुढे 1958 साली चापेकरांनी तेथे उत्खनन केले, नंतरही उत्खनने झाली आणि सातवाहनांच्या काळची वस्ती उजेडात आली.

आता विचार करा. ज्या गावातून महिना महिना चालणारे गाड्यांचे तांडे निघत, त्या गावातली मुले काय खेळत असतील? गाडी-गाडीच खेळणार. सातवाहनकाळच्या वस्त्यांवर मातीची चाके आणि चाकांवर चालणारे मातीचे बैल, मेंढे, हत्ती सापडतात ते काही नवल नव्हे. त्याही आधी, सिंधू संस्कृतीच्या शहरांत मातीच्या लहान बैलगाड्या ढिगाने मिळालेल्या आहेत. संस्कृतातल्या शूद्रकाच्या नाटकाचे नावच ‘मृच्छकटिक’, म्हणजे मातीची लहान गाडी. चारुदत्ताचा मुलगा शेजाऱ्याच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने उतरवून त्याच्या मातीच्या गाडीत भरते. आपल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणले, ते शिक्षकांना माहीत असेलच.

चला, चाक हातात घेऊ. पहिला प्रश्न: हे चाकच आहे कशावरून? कारण भोक असलेली गोल खापरी तीन निरनिराळ्या कामांची असू शकते. फुटक्या मडक्याचा तुकडा घासून गोल केलेला असेल तर त्याला मडक्याचा किंचित बाक राहतो. तो उलट्या बशीसारखा टेबलावर डुलतो. ती खेळण्याची चकती किंवा दुसरेच काही. टकळीच्या टोकाला वजन म्हणून लावायची चकती असेल तर ती लहान आणि जाड असते, काही वेळा तर मण्यासारखी दोन्हीकडून निमुळती, आणि तिचे भोक बारीक असते. तेरसारख्या कापडाच्या गावी अशा चकत्या असणारच. गाडीचे चाक मात्र सपाट असते आणि बहुतेकदा भोकाभोवती माती फुगवून तुंबा काढलेला असतो, एका बाजूला तरी. आपल्या बैलगाडीच्या चाकाचा तुंबा जसा बाहेर येतो तसाच. असे का? चाक पातळ असते तर आखावर ते लटपटले असते. तुंब्यामुळे भोकाची लांबी वाढते आणि चाक सरळ फिरते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने खेळण्यातही सुताराचे शास्त्र सोडले नव्हते.

दुसरी पाहणी भोकाची. उजेडाकडे धरून भोक बघा. ते अगदी गोल असेल तर गाडी फारशी चालली नाही. एका बाजूने झिजून लांबट झाले असेल, आतली माती गुळगुळीत झाली असेल, तर कोणीतरी ते खूप ओढले आहे. ही खूण मला फार महत्त्वाची वाटते. चाकांवरचे प्राणी खेळणी होते की देवापुढे ठेवायचे होते, यावर पंडितांत मतभेद आहेत. त्यांचे वाद ते घालोत. पण झिजलेले भोक हा साक्षीदार बोलका आहे. देवापुढे ठेवलेल्या बैलाचे चाक कशाला झिजेल? आख मात्र तुम्हाला सापडणार नाही. तो बांबूच्या कामटीचा किंवा काटकीचा असायचा, मातीत कुजून गेला. म्हणूनच चाके एकीकडे, बैल दुसरीकडे आणि गाडीचा साटा तिसरीकडे अशी फाटाफूट झालेली असते, आणि कोणते चाक कोणत्या गाडीचे हे सांगणे अवघड होते.

आता खरा प्रश्न येतो: वय किती? इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. नुसत्या चाकाकडे पाहून वय सांगता येत नाही. भोक पाडलेली मातीची चकती सिंधुकाळी जशी होती तशीच ती तुमच्या आजोबांच्या लहानपणीही होती. आकार बदलायला काही कारणच घडले नाही. ‘हे पाच हजार वर्षांपूर्वीचे’ असे कोणी बघताक्षणी छातीठोक सांगितले, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

बैलाचे किंवा माणसाचे चित्र असेल तर मात्र थोडी वाट सापडते. कशी घडवले आहे ते पाहायचे. बोटांनी चिमटे काढून केलेला भरीव बैल कोणत्याही काळी होऊ शकतो. पण तेर येथे अशाही मूर्ती मिळाल्या आहेत, की ज्या केओलिन नावाच्या बारीक पांढऱ्या मातीच्या आहेत, आतून पोकळ आहेत आणि दोन साच्यांत अर्धी-अर्धी दाबून मग जोडलेल्या आहेत. अशा मूर्तीच्या दोन्ही कुशींवर सांध्याची रेघ चाचपता येते. पेढ्याचा साचा पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल. ही दुहेरी साच्याची कला सातवाहनकाळात दख्खनमध्ये भरास आली. रोमन जगाशी व्यापार चालू होता, त्या वाटेने ती आली असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा सांध्याची रेघ दिसली तर ‘बहुधा सातवाहनकालीन’ एवढे म्हणायला आधार मिळतो. लक्षात घ्या, ‘बहुधा’.

पक्के वय सांगते ती वस्तू नव्हे, वस्तूभोवतीची माती. टेकाडात थर असतात, केळीच्या सोपटासारखे एकावर एक. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. ज्या थरात चाक मिळाले त्याच थरात सातवाहनांचे नाणे मिळाले, विशिष्ट घडणीची खापरे मिळाली, चुलीतला कोळसा मिळाला, तर चाकाचे वय त्यांच्यावरून ठरते. कोळशातला किरणोत्सर्गी कार्बन दर 5730 वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून लाकूड कधी तुटले ते मोजता येते. लिबी या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1949 च्या सुमारास ही रीत काढली आणि 1960 नंतरच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याकडचे कोळसे असे तपासले जाऊ लागले. पण हे सर्व केव्हा? चाक थरातून निघताना कोणी पाहिले असेल तेव्हा. गाडीभर मातीबरोबर ते धाब्यावर जाऊन पडले, की त्याची साक्ष संपली. चाक तेच, पण अनाथ.

याचे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण दायमाबादचे. अहिल्यानगर जिल्ह्यात, जो पूर्वी अहमदनगर होता, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे ठिकाण आहे. 1974 साली तेथे एका भिल्ल गृहस्थाला झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. माणूस हाकतो आहे असा बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. तुम्ही म्हणाल, खेळणीच. पण कसली खेळणी! चौघांचे मिळून वजन 60 किलोंच्या वर. रथाची लांबी 45 सेंटिमीटर. रेडा आणि गेंडा भरीव चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या चौथऱ्याखाली आख बसवायच्या जागा आहेत, पण आख आणि चाके हरवलेली. इतके सुंदर काम, की सिंधू संस्कृतीच्या कोणत्याही कारागिराने मान डोलवावी.

आणि वय? मधुसूदन देशपांडे, एस. आर. राव आणि साळी या उत्खनन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी परिस्थितीचा पुरावा पाहून ती उत्तर-सिंधुकालीन, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची ठरवली. परंतु अग्रवाल या शास्त्रज्ञांनी धातूची परीक्षा केली, तेव्हा त्यात एक टक्क्याहून अधिक सोमल निघाला. ताम्रपाषाण काळातल्या इतर कोणत्याही वस्तूत सोमलाची अशी मिसळ आढळली नव्हती. तेव्हा त्यांनी म्हटले, की या वस्तू त्यामानाने बऱ्याच अलीकडच्या, ऐतिहासिक काळातल्या असू शकतील. म्हणजे दोन मतांत हजार-दीड हजार वर्षांचे अंतर! हा वाद का उद्भवला? त्या वस्तू जमिनीतून निघाल्या तेव्हा जवळ टेप आणि वही घेऊन कोणी बसलेले नव्हते म्हणून. त्या भिल्ल गृहस्थाचा यात काही दोष नाही. त्याने त्या वितळवून विकल्या नाहीत, हे आपल्यावर उपकारच आहेत.

भाजक्या मातीचे वय थेट मोजण्याची आणखी एक युक्ती आहे. तिला तापदीप्ती म्हणतात. ती अशी समजून घ्या. मातीतल्या गारेच्या कणांवर आजूबाजूच्या जमिनीतून सूक्ष्म किरणांचा मारा सदैव होत असतो, आणि त्याची शक्ती कणांत साठत जाते. रांजणात थेंब थेंब पाणी पडावे तशी. कुंभाराने वस्तू भट्टीत भाजली की रांजण एकदम रिकामा होतो. तेथून पुन्हा थेंब साठू लागतात. प्रयोगशाळेत त्या मातीचा कण तापवला, की साठलेली शक्ती मंद उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. उजेड मोजला म्हणजे रांजण किती भरला होता ते कळले. पण तो किती दिवसांत भरला हे कळायला थेंब किती वेगाने पडत होते तेही माहीत हवे. ते कळते वस्तूभोवतीच्या मातीवरून. म्हणून प्रयोगशाळा खापराबरोबर त्या जागेची मूठभर मातीही मागते. पुन्हा आपण मातीपाशीच आलो. शिवाय या रीतीत शेकडा पाच-दहाची चूकभूल असते. दोन हजार वर्षांच्या वस्तूला शे-दोनशे वर्षे इकडे-तिकडे.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सापडलेले खेळणे ‘जरा मजबूत व्हावे’ म्हणून चुलीत किंवा वीटभट्टीत घालू नका. तसे केलेत, तर तो रांजण तुमच्या हाताने रिकामा झाला आणि दोन हजार वर्षांचे चाक प्रयोगशाळेच्या लेखी काल भाजलेले ठरले.

आता दुरुस्तीविषयी. या बाबतीत आपल्या लोकांचा उत्साह फार दांडगा असतो. देवळातल्या जुन्या मूर्तीला ऑइलपेंट फासणारे आपणच. खेळण्याचेही तेच होते. चाक मिळाले की आधी ते ब्रशने खसखसा घासायचे, मग चिंचेने किंवा लिंबाने उजळायचे, तुटले असेल तर एम-सीलने सांधायचे आणि वर वॉर्निश मारायचे. यातले एकही काम करू नये.

मातीची वस्तू सापडली, की पहिले काम तिला सावलीत सावकाश सुकू देणे. उन्हात टाकली तर तडकते. मग मऊ, कोरड्या कुंचल्याने वरची माती झाडावी. पाण्यात घालण्याआधी ती नीट भाजलेली आहे ना, हे पाहिले पाहिजे. कच्ची असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत चिखल होईल. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे ते पाहिले, ही कथा प्रसिद्धच आहे. परीक्षा तीच, फक्त नखाने हलकेच टिचकी मारून करायची. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कच्चे किंवा तडा गेलेले. रंगाचा किंवा पांढऱ्या लेपाचा अंश दिसत असेल, तर मात्र पक्क्या वस्तूलाही पाणी लावू नये. आम्लाचे नावच काढू नका. मातीत चुन्याचा अंश असतो, तो लिंबाच्या रसानेही फसफसून निघतो आणि वस्तू आतून पोखरते.

काही खापरांवर सुकल्यावर पांढरी बुरशीसारखी फुले येतात. ती बुरशी नव्हे, क्षार. जमिनीतले खारे पाणी खापरात मुरलेले असते; ते सुकले की क्षाराचे खडे बनतात आणि वरचा पापुद्रा उचलून टाकतात. यावर इलाज म्हणजे वस्तू शुद्ध पाण्यात ठेवून ते पाणी वरचेवर बदलणे. पण हे काम संग्रहालयातल्या जाणत्या माणसाचे. शाळेने एवढेच करावे, की अशी वस्तू दमट भिंतीच्या कोनाड्यात ठेवू नये.

सांधण्याचा नियम एकच: जे जोडाल ते पुढच्या माणसाला सोडवता आले पाहिजे. संग्रहालयात यासाठी पॅरलॉइड बी-72 नावाची राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. पुन्हा ॲसिटोन लावले, की सांधा सुटतो. एम-सीलचा सांधा सुटत नाही, सोडवू गेल्यास खापरच तुटते. हरवलेला भाग प्लॅस्टरने भरायचा झाला, तर तो रंगाने मूळ मातीच्या जवळचा पण किंचित फिका ठेवतात. सहा फुटांवरून पाहिले तर वस्तू अखंड दिसावी आणि सहा इंचांवरून पाहिले तर नवे कोणते, जुने कोणते हे कळावे, अशी त्यांची ढोबळ कसोटी आहे. मला ही कसोटी फार प्रामाणिक वाटते. बैलाला चाके नसतील तर दुसऱ्या ठिकाणी सापडलेली चाके त्याला बसवून ‘संपूर्ण गाडी’ तयार करण्याचा मोह होतो. तसे करू नका. उद्या कोणी त्या गाडीवरून काही अनुमान बांधले, तर ते सारेच खोटे ठरेल. मुलांना गाडी दाखवायचीच असेल, तर गावातल्या कुंभाराकडून नवी करून घ्या, तीत कामटीचा आख घाला आणि मुलांना ओढू द्या. पाच-सहा महिन्यांनी तिच्या चाकाचे भोक बघा; झीज कोठे आणि कशी पडते याचा चांगला पाठ होईल.

घरातल्या जुन्या लाकडी खेळण्यांनाही हेच लागू आहे. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल घेऊन निघतात. त्यांतले काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात. अशा बैलाचे वय पाहायचे तर पोटाखाली बघा. लोहाराने ठोकून केलेला चौकोनी खिळा असेल तर काम जुन्या रीतीचे. गोल तारेचा कारखान्यातला खिळा असेल तर तो भाग तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा. ‘तो भाग तरी’ असे म्हणतो, कारण चाके बदललेली असतात, धड जुने असते. ती बदललेली चाके काढून टाकू नयेत. कोणत्या तरी आजोबाने नातवासाठी ती बसवली होती, हाही त्या बैलाचा इतिहासच आहे.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यास खासगी माणसाला बंदी आहे. संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या टेकाडावर परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या मातीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांतूनच तेथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. ते त्यांच्याच नावाने आहे. तेथे तेरची ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेखाली 1938 साली मिळालेल्या मूर्तीशी तिचे साम्य आहे. शाळेची सहल काढायची तर तुळजापूर, नळदुर्ग यांच्याबरोबर तेरलाही एक दिवस द्या, आणि मुलांना दुहेरी साच्याच्या मूर्तींची कुशीवरची रेघ शोधायला सांगा.

राहता राहिले ते खिशातले चाक. ते घेऊन आलेल्या मुलाला आधी शाबासकी द्या, मग त्याच्याबरोबर ती जागा पाहून या. तेथे आणखी उकरू नका. एका कागदावर शिसपेन्सिलीने लिहा: गाव, टेकाडाचे स्थानिक नाव, गट नंबर, जवळची विहीर किंवा झाड आणि तेथून किती पावले कोणत्या दिशेला, वस्तू वरच पडलेली होती की खड्ड्याच्या कडेला मातीत रुतलेली होती, रुतलेली असेल तर वरून किती हात खाली, बरोबर आणखी काय होते, राख, खापर, हाड, तारीख आणि मुलाचे नाव. शाई वापरू नका, ओलीने फुटते. चिठ्ठी आणि चाक एकाच कापडी पिशवीत घाला, चाकाभोवती कापूस ठेवा, आणि तेरच्या संग्रहालयाला किंवा तहसील कार्यालयाला एका पत्राने कळवा. पत्राची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवा.